पंपाच्या मोबाइल स्टार्टरचा बोर्ड नकलेपासून कसा वाचवायचा

शेतीपंपाच्या मोबाइल स्टार्टरचं (फोनवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीचं) झाकण उघडलं की आत काय दिसतं? एक पॉवर सप्लाय, दोन-तीन रिले, तीन करंट ट्रान्सफॉर्मर, एक मायक्रोकंट्रोलर, जीएसएम मॉड्यूल आणि सिमचा खाचा. यातला जवळजवळ प्रत्येक पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारला तर मिळतो, नाहीतर ऑनलाइन मागवता येतो. दोन लेयरच्या पीसीबीवरचे पार्ट हॉट एअरने उतरवले, सोल्डर मास्क पॉलिश पेपरने घासला आणि बोर्ड दोन्ही बाजूंनी स्कॅन केला, की ट्रॅक जसेच्या तसे हाती येतात. सराईत माणसाला हे दोन-तीन दिवसांचं काम आहे. चार लेयरचा बोर्ड असेल तर एकेक थर घासत जायचं, एवढाच फरक.

म्हणून सर्किट लपत नाही, हे आधीच मान्य करावं. नक्कल करणाऱ्याला दुकानात न मिळणारी गोष्ट म्हणजे फर्मवेअर, चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम. बोअरचं पाणी संपल्यावर मोटारीचा करंट किती उतरतो, मोटार चालू झाल्यावर किती सेकंद थांबून तो मोजायचा, व्होल्टेज पडलेलं असताना त्याच आकड्याचा अर्थ कसा बदलतो, हे सगळं हंगामभर शेतावर मोजमापं घेऊन बसवलेलं असतं. तुमचा माल आणि बाजारातला साधा टायमर यांच्यातला फरक तिथे आहे. तेव्हा मेहनतीचा मोठा वाटा फर्मवेअर जपण्यावर आणि ते कारखान्यातून बाहेर जाण्याच्या वाटा बुजवण्यावर घालावा. चिपवरचे नंबर घासणं, काळं रेझिन ओतणं या गोष्टींचा नंबर त्यानंतर.

पुढची माहिती वर्षाला काही शे ते काही हजार नग काढणाऱ्यांसाठी आहे. अभेद्य असं काही बनत नाही. नक्कल करण्याचा खर्च स्वतः नवं बनवण्याच्या खर्चापेक्षा जास्त झाला, की बहुतेक नकलाकार दुसरा सोपा बोर्ड शोधतात.

कुलूप चिपनुसार बदलतं

एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर अजूनही पुष्कळ छोट्या बोर्डांवर असतो. त्याचे लॉक बिट न लावता माल बाहेर पाठवला, तर यूएसबी-एएसपीसारख्या स्वस्त प्रोग्रॅमरने कोणीही मिनिटभरात फ्लॅश (प्रोग्रॅमची मेमरी) आणि ईईप्रॉम (सेटिंगची मेमरी) उतरवून घेतो. लॉक बाइटमध्ये हेक्स एफसी लिहिलं की एलबी१ आणि एलबी२ दोन्ही शून्य होतात, आणि प्रोग्रॅमरवरून वाचणं-लिहिणं दोन्ही बंद होतं. त्यानंतर चिप पुन्हा वापरायची तर पूर्ण खोडावीच लागते.

इथे एक फट राहते आणि ती फार जणांना ठाऊक नसते. अर्डुइनोचा ऑप्टिबूट हा बूटलोडर (चिप सुरू होताना आधी चालणारा आणि नवा कोड चढवणारा छोटा प्रोग्रॅम) सिरियल पोर्टवरून फ्लॅशचं पान वाचून देण्याची आज्ञा पाळतो. हे लॉक बिट प्रोग्रॅमरला अडवतात, चिपच्या आतच चालणाऱ्या बूटलोडरला अडवत नाहीत. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी. विक्रीच्या मालात ऑप्टिबूट ठेवूच नका. बूटलोडर हवाच असेल तर वाचण्याची आज्ञा नसलेला स्वतःचा लिहा.

एसटी कंपनीच्या एसटीएम३२ चिपांमध्ये या संरक्षणाला आरडीपी (रीडआउट प्रोटेक्शन) म्हणतात. बहुतेक मालिकांत ऑप्शन बाइटमध्ये हेक्स एए असेल तर लेव्हल ०, म्हणजे सगळं उघडं. हेक्स सीसी म्हणजे लेव्हल २, आणि बाकी कोणतीही किंमत म्हणजे लेव्हल १. लेव्हल १ मध्ये डिबगरला (चिपला जोडून आतला कोड तपासण्याच्या साधनाला) फ्लॅश वाचता येत नाही, आणि लेव्हल ० वर परतायचं म्हटलं की सगळा फ्लॅश आधी खोडला जातो. रॅम मात्र बहुतेक मालिकांत डिबगरला उघडीच राहते. त्यामुळे एन्क्रिप्शनची किल्ली वापरून झाली की रॅममधली जागा लगेच पुसायची. लेव्हल २ मध्ये डिबग पोर्ट कायमचा बंद होतो. हा निर्णय परत फिरवता येत नाही, आणि अशी चिप बिघडली तर खुद्द कंपनीलाही आत डोकावून तपासता येत नाही. यू५ सारख्या नव्या मालिकेत पासवर्ड देऊन खाली उतरण्याची सोय आहे.

चिप निवडतानाच विचार करावा, कारण सगळी कुलपं सारखी मजबूत नसतात. एसटीएम३२ मधली एफ१०३ स्वस्त आणि सगळ्यांच्या हाताखालची आहे, पण तिला लेव्हल २ नाहीच. शिवाय साध्या डिबगरच्या मदतीने, एक्सेप्शनच्या व्हेक्टर वाचनाचा (अडचण आली की कुठे उडी मारायची तो पत्ता चिप स्वतः वाचते, त्याचा) आडमार्ग वापरून तिच्या फ्लॅशचा बहुतांश भाग बाहेर काढता येतो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी २०१७ मध्ये जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी एफ० मालिकेत लेव्हल १ असताना, दर वेळी वीज बंद-चालू करून एकेक शब्द वाचत पूर्ण फ्लॅश उतरवून दाखवला होता. हा दोष सिलिकॉनमध्येच आहे, तुमच्या कोडने तो बुजत नाही. नवीन डिझाइन करत असाल तर एफ१०३ आणि एफ० दोन्ही टाळा. जुनं उत्पादन त्यांच्यावरच चालू असेल, तर चिपच्या कुलपावर विसंबू नका आणि खाली दिलेली सहीची पद्धत जरूर लावा. एफ१०३ च्या नावाने विकल्या जाणाऱ्या बनावट चिपाही बाजारात आहेत. त्यांच्या कुलपाची तर काहीच हमी नाही, म्हणून खरेदी अधिकृत वितरकाकडूनच करा.

ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचा फ्लॅश बहुतेक मॉड्यूलमध्ये मुख्य चिपच्या बाहेर, वेगळ्या आठ पायांच्या चिपमध्ये असतो. कसलीच सोय केली नाही तर ९२१६०० बॉडला ४ एमबीचा अख्खा फ्लॅश मिनिटभरात यूएसबीवरून संगणकात येतो. त्या फाइलमधली नुसती वाचता येणारी अक्षरं वेगळी काढली, तरी सर्व्हरचा पत्ता, एमक्यूटीटीचा (सर्व्हरशी बोलण्याच्या पद्धतीचा) पासवर्ड, वायफायचं नाव असं सगळं समोर येतं. यासाठी फ्लॅश एन्क्रिप्शन आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड न चालवणं) दोन्ही एकत्र चालू करावेत. जुन्या रिव्हिजनच्या चिपवर व्होल्टेज ग्लिचने (क्षणभर व्होल्टेज मुद्दाम पाडून चिपला चुकवून) हे तोडता येतं, हे २०१९ मध्येच दाखवलं गेलं आहे. त्यामुळे रिव्हिजन ३ किंवा त्यापुढचीच चिप घ्या आणि सिक्युअर बूटची दुसरी आवृत्ती वापरा.

यात नेहमी तीन ठिकाणी गडबड होते. पहिली, एन्क्रिप्शन डेव्हलपमेंट मोडमध्येच राहून जातं. त्या मोडमध्ये बाहेरून साधा कोड चढवता येतो आणि सिक्युअर बूट नसेल तर तोच कोड आतला फ्लॅश उलगडून बाहेर पाठवतो. विक्रीच्या मालाला रिलीज मोडच हवा. दुसरी, पहिल्यांदा सुरू होताना चिप स्वतःचा फ्लॅश जागच्या जागी एन्क्रिप्ट करते, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात जिगवरून (चाचणी आणि प्रोग्रॅमिंगसाठी बोर्ड पकडणाऱ्या साच्यावरून) बोर्ड उचलला तर तो निकामी होऊ शकतो. जिगवर हिरवा दिवा लागेपर्यंत क्लॅम्प उघडणारच नाही अशी रचना करा. तिसरी, सेटिंग साठवण्याच्या एनव्हीएस विभागाचं एन्क्रिप्शन वेगळं असतं. ते चालू आहे की नाही, ते स्वतंत्रपणे बघा.

बोर्डवर बाहेरची ईईप्रॉम असेल, उदाहरणार्थ २४सी२५६, तर तिला कुलूपच नसतं. सीएच३४१ए प्रोग्रॅमर आणि एक क्लिप लावली की ती वाचून होते. कॅलिब्रेशन तिथे ठेवायला हरकत नाही, किल्ल्या आणि पासवर्ड नकोत. एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं बसवता येणारी चिप) वापरणाऱ्यांनीही बाहेरच्या फ्लॅशकडे याच नजरेने बघावं. बिटस्ट्रीम (त्या सर्किटची फाइल) उघडी ठेवली तर नक्कल म्हणजे एक चिप दुसरीवर उतरवणं. झायलिंक्सच्या ७ मालिकेचं बिटस्ट्रीम एन्क्रिप्शनसुद्धा २०२० च्या स्टारब्लीड हल्ल्याने उघडं पाडलं, म्हणून नव्या कामाला त्यापुढची मालिका घ्या.

अपडेटची फाइल हीच सगळ्यात मोठी गळती

चिपला कुलूप मारलं, आणि तीच हेक्स फाइल (फर्मवेअरची तयार फाइल) डीलरला व्हॉट्सअॅपवर पाठवली. हे सर्रास चालतं. तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकला सेवा देता यावी म्हणून उघडी फाइल दिली जाते, आणि ती पुढे कुठे जाईल यावर कोणाचा ताबा राहत नाही. चिप फोडायची गरजच उरत नाही.

उपाय असा. कारखान्यात चिपवर एक छोटा बूटलोडर चढवायचा. उलगडण्याची किल्ली त्याच्यातच असते आणि हा बूटलोडर कोणत्याही अपडेट फाइलमध्ये कधीच येत नाही. बाहेर जाणारी प्रत्येक फाइल एईएस पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली आणि वर डिजिटल सही (खासगी किल्लीने केलेली, सार्वजनिक किल्लीने तपासता येणारी खूण) असलेली हवी. सही पी-२५६ वक्रावरची ईसीडीएसए किंवा एड२५५१९ यांपैकी कोणतीही चालते. सीआरसी (फाइलमधल्या चुका पकडणारा आकडा) म्हणजे सही नव्हे, तो कोणीही नव्याने काढून बसवू शकतो. एईएसची सीबीसी किंवा सीटीआर पद्धत वापरत असाल तर दर फाइलला नवा आयव्ही (सुरुवातीचा आकडा) घ्या. सीटीआरमध्ये तोच आयव्ही पुन्हा वापरला तर दोन आवृत्त्यांची तुलना करून कोडचे तुकडे उलगडतात. ईसीबी पद्धत अजिबात नको, कारण फ्लॅशचे रिकामे भाग तिच्यात एकसारखे दिसतात आणि फाइलची ठेवण बाहेरून कळते.

मॉडेलगणिक किल्ली वेगळी ठेवा. एका मॉडेलची फुटली तरी दुसरी शाबूत राहतात. बूटलोडरने जुनी आवृत्ती नाकारावी, नाहीतर तुम्ही बुजवलेली फट नकलाकार जुनी फाइल चढवून पुन्हा उघडतो.

आपल्याकडे अपडेट चालू असतानाच वीज जाते, हे गृहीत धरून रचना करायची. फ्लॅशमध्ये दोन जागा ठेवा, नवा कोड दुसऱ्या जागेत उतरवा, पूर्ण सही तपासा आणि मगच 'हा चालवायचा' अशी खूण लिहा. चिपमध्ये दोन जागांइतका फ्लॅश नसेल तर मोठी चिप घ्या. अर्धवट अपडेटमुळे परत येणारे नग त्याहून महाग पडतात.

जॉबवर्कवर दिलेला माल

असेंब्ली बाहेरून करून घेताना गर्बर (पीसीबीच्या नक्षीची फाइल), बीओएम (पार्टांची यादी), पार्ट बसवण्याची फाइल आणि हेक्स असा सगळा संच एकाच माणसाच्या हाती जातो. त्याने हजार नग तुमच्यासाठी काढले आणि दोनशे स्वतःसाठी, तर त्या दोनशेंमध्ये आणि तुमच्या मालात काडीचाही फरक नसतो. नक्कल ओळखूच येत नाही, वॉरंटीला मात्र तुमच्या दारात येते.

सोपा मार्ग म्हणजे असेंब्लीवाल्याला कोरी चिपच सोल्डर करू द्या आणि प्रोग्रॅमिंग आपल्या जागेत करा. काही कारणाने तिकडेच करावं लागत असेल, तर एसटीच्या काही चिपांना एसएफआय नावाची सोय आहे. तिथे फर्मवेअर एन्क्रिप्ट करूनच दिलं जातं, आणि सोबतच्या स्मार्टकार्डात ठरवलेल्या संख्येइतक्याच चिपांना परवाना मिळतो.

याच्या जोडीला प्रत्येक नग त्याच्या चिपला बांधून टाकावा. एसटीएम३२ च्या प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातूनच ९६ बिटांचा वेगळा क्रमांक येतो. (एटीमेगा३२८पीच्या डेटाशीटमध्ये असा क्रमांक नाही, म्हणून तिथे खालची ऑथेंटिकेशन चिप लागते.) जिगवरचा क्रम असा ठेवा:

१. बोर्ड क्लॅम्प झाला की संगणक एसडब्ल्यूडीवरून (चिपच्या डिबग पोर्टवरून) चिपचा युनिक आयडी वाचतो.
२. आयडी, मॉडेल आणि सीरियल नंबर एकत्र करून त्यावर खासगी किल्लीने सही करतो. पी-२५६ ची सही ६४ बाइटची असते. खासगी किल्ली यूएसबी टोकनमध्ये, जिगच्या हार्डडिस्कवर नाही.
३. फर्मवेअर आणि सही चिपमध्ये लिहितो. सहीसाठी फ्लॅशचं एक पान राखीव असतं.
४. तिन्ही करंट ट्रान्सफॉर्मरमधून ओळखीचा करंट, समजा ५ अँपिअर, सोडून कॅलिब्रेशन घेतो.
५. रिले, एलईडी, जीएसएम आणि सिम यांची चाचणी घेतो.
६. सगळं पास झाल्यावरच आरडीपी लावतो आणि बोर्डची वीज पूर्ण तोडतो. नुसत्या रीसेटवर भागवू नका, वीज बंद-चालू होईपर्यंत डिबगर जोडलेल्या बोर्डवर काय लागू झालं याची खात्री नसते.
७. वीज परत देऊन फ्लॅश वाचायचा मुद्दाम प्रयत्न करतो. वाचता आला नाही तरच नग पास.
८. सीरियल नंबर, आयडी, तारीख आणि फर्मवेअरचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा) नोंदवतो.

चौथी आणि पाचवी पायरी कुलपाच्या आधी आहेत, हे बदलू नका. कुलूप मारल्यावर चाचणीत दोष निघाला तर चिप खोडून सगळं पहिल्यापासून, आणि लेव्हल २ असेल तर चिपच बदलायची. सातवी पायरी घाईच्या दिवशी गाळली जाते. तेव्हाच जिगची एखादी पिन सैल असते आणि पन्नास बोर्ड उघडे बाहेर पडतात. ती सॉफ्टवेअरमध्ये सक्तीची करा, ऑपरेटरच्या हातात ठेवू नका.

फर्मवेअर सुरू होताना सार्वजनिक किल्लीने ही सही तपासतं. कोणी फ्लॅश जसाच्या तसा दुसऱ्या चिपमध्ये उतरवला तर आयडी जुळत नाही आणि बोर्ड चालू होत नाही. तपासणीची ओळ कोडमधून उडवायची तर आता नकलाकाराला डिसअसेंब्ली वाचणारा माणूस बसवावा लागतो. तपासणी एकाच ठिकाणी ठेवू नका. दोन-तीन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पद्धतीने लिहा, आणि हो-नाही असं एका बिटवर न ठेवता मोठ्या आकड्यांची तुलना करा. व्होल्टेज ग्लिचचा हल्ला अशा एकाच निर्णयावर नेम धरून केलेला असतो. ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज पडलं की चिप रीसेट करणारा) चालू ठेवला तर तोही थोडा आवरतो.

सही जुळली नाही तर काय करायचं, इथे मात्र हात राखून वागावं. बोर्डने मोटार सुरूच करू नये आणि डिस्प्लेवर 'नोंदणी नाही' दाखवावं, एवढंच. काही दिवस नीट चालून मग मुद्दाम बिघडणारा कोड कधीही घालू नका. सिंगल फेजिंग (एक फेज जाणं) किंवा ओव्हरलोडच्या संरक्षणाला तर हात लावायचाच नाही. ज्याची मोटार जळेल तो शेतकरी असतो, नक्कल करणारा नव्हे. एफटीडीआय कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये हीच चूक केली होती. त्यांच्या विंडोज ड्रायव्हरने बनावट एफटी२३२ चिपांचा यूएसबी ओळखक्रमांक शून्य करून त्या बंद पाडल्या. आपल्या यंत्रात नकली चिप आहे हे माहीतही नसलेले ग्राहक अडकले, ओरड झाली आणि कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला.

ऑथेंटिकेशन चिप

मायक्रोचिपची एटीईसीसी६०८बी, इन्फिनिऑनची ऑप्टिगा ट्रस्ट, एनएक्सपीची एसई०५० या चिपा यासाठीच बनवलेल्या आहेत. आत किल्ली असते आणि ती बाहेर कधीच येत नाही. कंट्रोलरने एक यादृच्छिक आकडा पाठवायचा, चिप त्यावर किल्लीने उत्तर काढून देते. एटीईसीसी६०८बी आय-टू-सी वर चालते, तिच्यात किल्ल्यांचे १६ कप्पे आहेत आणि मोठ्या खरेदीत ती साधारण एक डॉलरच्या आतबाहेर पडते. नकलाकाराला कोरी चिप विकत मिळेल, पण तुमची किल्ली घातलेली नाही.

ही चिप लावूनही फायदा होत नाही, तेव्हा कारण बहुधा असं असतं की उत्तर बरोबर आलं का एवढंच बघून कोड पुढे जातो. ती एक तुलना उडवली की चिप नसली तरी चालतं. चिपच्या उत्तराला प्रत्यक्ष काम द्या. ड्राय रनचा (पाणी संपल्यावर मोटार थांबवण्याचा) तक्ता एन्क्रिप्ट करून फ्लॅशमध्ये ठेवायचा आणि त्याची किल्ली चिपच्या उत्तरातून काढायची, म्हणजे चिप नसेल तर तक्ताच उलगडत नाही. आय-टू-सी च्या दोन तारांवर लॉजिक अॅनालायझर (तारांवरचे सिग्नल नोंदवणारं यंत्र) लावून हे उत्तर पकडता येऊ नये म्हणून याच चिपमधली आयओ प्रोटेक्शन की वापरा. ती कंट्रोलर आणि चिप यांच्यातली देवाणघेवाण झाकते.

कॉन्फिगरेशन लॉक एकदाच होतो आणि परत उघडत नाही. पहिल्या पाच-दहा चिपा चुकीच्या सेटिंगमुळे वाया जातील असं धरूनच मागवा, आणि सेटिंग पक्कं झाल्याशिवाय रीळ घेऊ नका.

जीएसएम मॉड्यूलची तार

कंट्रोलर आणि जीएसएम मॉड्यूल यांच्यामधल्या टीएक्स-आरएक्स तारांवरून एटी कमांड उघड्या धावतात. यूएसबी-टीटीएल केबल लावली की सर्व्हरचा पत्ता, पोर्ट आणि पासवर्ड पडद्यावर दिसतात. सगळ्या बोर्डांना एकच पासवर्ड असेल तर एका बोर्डवरून सगळं नेटवर्क हाती लागतं. प्रत्येक नगाला वेगळी गुप्त किल्ली द्या आणि प्रत्येक संदेशाला वाढता क्रमांक घालून एचमॅक (गुप्त किल्लीने काढलेली खूण) जोडा. सर्व्हरवर सीरियल नंबरांची यादी आहेच. तोच नंबर एकाच दिवशी सांगोल्यातून आणि शिरूरमधून बोलू लागला, तर कोणत्या बॅचची नक्कल झाली ते घरबसल्या कळतं. अॅप आणि सर्व्हर असलेल्या उत्पादनाला हे संरक्षण फार स्वस्तात मिळतं आणि तरी ते वापरलं जात नाही, याचं वाईट वाटतं.

पॉटिंग

चिपवरचे नंबर घासण्यात आम्हाला फारसा अर्थ दिसत नाही. पॉवरच्या पिना कुठे आहेत, क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा आहे, एसडब्ल्यूडीचे दोन पॅड कुठे जातात, यावरून माहीतगार माणूस तासाभरात कंट्रोलर ओळखतो. सिल्कस्क्रीनवरची आर१२, सी७ अशी नावं काढून टाकणं फुकटात होतं, तेवढं करा. दुरुस्तीसाठी नकाशा स्वतःकडे ठेवा.

इपॉक्सी पॉटिंगने (बोर्डवर रेझिन ओतून तो बुजवल्याने) नक्कल थांबत नाही, वेळ मात्र खाते. हीट गनने गरम केलं की रेझिन मऊ पडतं आणि टोकरून निघतं. एक्स-रे तर त्याच्या आरपार बघतो. सिलिकॉन सोललं जातं, म्हणून नकलेविरुद्ध त्याचा उपयोग नाही. पण शेतातल्या पेटीत ओल, पाल आणि मुंग्या यांच्यापासून बोर्ड वाचतो, म्हणून पॉटिंग तसंही करण्याजोगं आहे. कठीण, फिलर असलेली काळी इपॉक्सी घ्या.

माप असं काढा. आतून १० बाय ७ सेंटिमीटरची पेटी २ सेंटिमीटर भरायची, म्हणजे १४० घन सेंटिमीटर. पार्टांनी २५ अडवले तर ११५ उरले. फिलरवाल्या रेझिनची घनता १.६ धरली तर १८४ ग्रॅम, वर पाच टक्के वाया जाणारं, म्हणजे साधारण १९३ ग्रॅम. रेझिन-हार्डनरचं प्रमाण डेटाशीटमध्ये वजनात दिलेलं आहे की आकारमानात, ते नीट बघा. इथे घोळ झाला तर माल चिकटच राहतो. मिसळलेलं रेझिन पाच-दहा मिनिटं व्हॅक्यूममध्ये ठेवून हवा काढा. एकदम मोठा घाणा करू नका, इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडते आणि मोठ्या भांड्यात उकळल्यासारखी होते.

नुकसान कुठे होतं तेही सांगायला हवं. रेझिन आणि सिरॅमिक कपॅसिटर यांचं प्रसरण वेगवेगळं असतं, त्यामुळे उन्हाळ्या-हिवाळ्याच्या फेऱ्यांत कपॅसिटर तडकतात. मोठ्या कपॅसिटरांवर आधी मऊ कोटिंग द्या. रिले सीलबंद प्रकारचाच हवा, नाहीतर रेझिन आत शिरून संपर्क बंद पडतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं डोकं, सिमचा खाचा आणि अँटेना मोकळे ठेवा. इपॉक्सीमुळे पीसीबीवरच्या अँटेनाची फ्रिक्वेन्सी सरकते आणि रेंज पडते. साध्या इपॉक्सीची उष्णतावाहकता ०.२ वॉट प्रति मीटर केल्विनच्या आसपास असते, म्हणून गरम होणारा रेग्युलेटर हीटसिंकला लावून रेझिनच्या बाहेरच ठेवा. आणि पॉटिंग झालेला बोर्ड दुरुस्त होत नाही, वॉरंटीत अख्खा बदलून द्यावा लागतो. तो हिशेब किमतीत धरा. तेवढं परवडत नसेल तर कंट्रोलर, ईईप्रॉम आणि ऑथेंटिकेशन चिप यांच्यावरच १०-१५ ग्रॅम ओता.

कायद्याची बाजू

इंटिग्रेटेड सर्किट लेआउटचा २००० चा कायदा आपल्या पीसीबीला लागू होतो, हा गैरसमज सर्रास ऐकू येतो. तो सिलिकॉन चिपच्या आतल्या लेआउटसाठी आहे, पीसीबीसाठी नाही.

फर्मवेअरला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आपोआप मिळतं, नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी करायची तर सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं, काहीही न खोडता द्यावी लागतात. त्या पानांत काय येतं ते आधी बघा. याच कायद्याच्या कलम ५२ नुसार दुसऱ्या यंत्राशी जुळवून घेण्यासाठी किंवा अभ्यासासाठी कोड उलगडून बघणं काही मर्यादेत चालतं. म्हणजे रिव्हर्स इंजिनीअरिंग सरसकट गुन्हा नाही. जसाच्या तसा कोड दुसऱ्या मालात घालून विकला तर ते उल्लंघन.

पेटीचा आकार आणि दिसणं डिझाइन कायद्याखाली नोंदवता येतं. संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वाढतात. अर्ज माल बाजारात किंवा प्रदर्शनात येण्याआधी हवा. नोंदवण्याजोगं डिझाइन नोंदवलंच नाही, आणि त्याचे कारखान्यात ५० हून जास्त नग निघाले, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यावरचा कॉपीराइटही संपतो. छोट्या उत्पादकांचं यात फार नुकसान होतं, आणि पहिली बॅच निघून गेल्यावर ते कळतं. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं आणि त्यालाही 'आधी अर्ज, मग प्रदर्शन' हाच क्रम. नुसता संगणक प्रोग्रॅम पेटंटयोग्य नाही.

भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही, करारावरच सगळं उभं असतं. असेंब्लीवाल्याशी लेखी करार करा. त्यात फाइल परत देणं, उरलेले आणि बाद बोर्ड मोजून परत करणं आणि जास्तीच्या नगाला ठरलेली भरपाई असू द्या. नोकरी सोडलेल्या इंजिनीअरने तीन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही, असं कलम करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही. गुप्तता पाळण्याचं कलम टिकतं, तेच नीट लिहा.

खटल्यात उपयोगी पडावी म्हणून बोर्डात निरुपद्रवी खुणा ठेवा: कुठेही न जाणारा एक ट्रॅक, गरज नसताना ठेवलेला वेगळ्या किमतीचा रेझिस्टर, फर्मवेअरच्या तक्त्यात कधीच न वापरला जाणारा आकड्यांचा गट. स्वतंत्रपणे बनवलेल्या बोर्डात हे तिन्ही एकत्र सापडण्याचं कारण समोरच्याला सांगता येत नाही. प्रत्येक आवृत्तीच्या गर्बर आणि कोडचा हॅश काढून तो तारखेसह ईमेलने वकिलाला पाठवून ठेवा. ट्रेडमार्क नोंदवला असेल तर २००७ च्या नियमांखाली कस्टमकडे त्याची नोंद करता येते, आणि तुमच्या नावाने बाहेरून येणारा नकली माल बंदरावर अडवता येतो.

माल पाठवण्याआधी

डिझाइनमध्ये हात नसलेल्या एखाद्या हुशार पोराला विक्रीचाच एक नग द्या. सोबत एसटी-लिंक, सीएच३४१ए आणि त्याची क्लिप, यूएसबी-टीटीएल, आठ चॅनेलचा लॉजिक अॅनालायझर, हॉट एअर आणि मल्टिमीटर. वेळ दोन दिवस. फ्लॅश, ईईप्रॉम, सर्व्हरचे तपशील, अपडेटची फाइल यांतलं काय काय हाती लागतं ते त्याने लिहून द्यायचं. चिपमधून काही नाही निघालं तरी त्याला गूगल आणि तुमची वेबसाइटही धुंडाळायला सांगा. कित्येकदा जुन्या आवृत्तीची हेक्स फाइल डाउनलोडच्या पानावर, किंवा सोडून गेलेल्या इंजिनीअरच्या सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत पडलेली असते.

सही करण्याच्या खासगी किल्लीच्या दोन प्रती वेगवेगळ्या टोकनमध्ये, वेगवेगळ्या जागी ठेवा. एक कार्यालयात, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. ती हरवली तर बाजारातल्या एकाही नगाला पुढचं अपडेट देता येणार नाही. फुटली तर नव्या किल्लीवर जाता यावं म्हणून बूटलोडरमध्ये पहिल्या दिवसापासूनच दोन सार्वजनिक किल्ल्यांची जागा ठेवा.